हातात तीन दश्श्या

त्या रविवारी दुपारी तपासनिसाने मनाशी एक छोटासा निर्णय घेतला. आपण आत्ता काही बोलायचं नाही. बस्स, एवढंच. आता गप्प बसायला काय निर्णय लागतो, असं कुणालाही वाटेल. पण भांडणांनी जेवढे संसार हलले नसतील तेवढे अशा शहाण्या गप्प बसण्याने हलले आहेत, आणि तपासनिसाचा संसार तर गेले तीन आठवडे डगमगतच होता. फक्त त्याला एकट्याला त्याचा पत्ता नव्हता.

तो लिफ्टचा तपासनीस. इमारतीइमारतींतून हिंडायचं, लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं बघायची आणि खाली शेरा मारायचा. सगळं उत्तम असेल तर शेरा असायचा ‘समाधानकारक’. त्याच्या कोशात याहून मोठा शब्दच नव्हता. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बायकोकडे बघून त्याच्या मनात हाच शब्द आला होता, आणि पुढे एका हळव्या क्षणी त्याने तो तिला बोलूनही दाखवला. (त्यानंतर ती दोन दिवस माहेरी होती.) माणूस वाईट नव्हता. उलट, लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी दाराबाहेरून तो इतकं मऊ बोलायचा की काही जणांना बाहेर यावंसंच वाटायचं नाही. पण स्वतःच्या मनातलं बोलायचं म्हटलं, की त्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबायची.

आणि यंदा मनातलं बोलायची वेळ आली होती सासूबाईंमुळे.

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हात सुधारला, पण डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे यांना एकटं ठेवू नका. तेव्हापासून दर रविवारी लेक, जावई आणि मुलगा त्यांच्या घरी जमायचे आणि ‘आईचं काय करायचं’ हा विषय आईच्याच समोर, आईच्याच सोफ्यावर बसून, आईनेच केलेला चहा पीत चर्चेला घ्यायचे. सासूबाईंनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. दोन माणसं बोलत असताना मध्ये बसून न बोलण्याची त्यांना सवय होती. त्या ऐकून घ्यायच्या.

मुलगा म्हणजे तपासनिसाचा मेहुणा. त्याचं गाद्यांचं दुकान होतं, आणि माणूस झोपेतसुद्धा गादी विकेल असा. तो दर रविवारी छातीवर हात ठेवून म्हणायचा, “आई आमच्याकडेच येणार! यात बोलायचं काय?” (‘आमच्याकडे’ म्हणजे त्याच्या एकट्याकडे. लग्न त्याने केलं नव्हतं, पण अनेकवचन सोडलं नव्हतं.) मग लेक, म्हणजे तपासनिसाची बायको, नवऱ्याकडे बघायची. नवरा छताकडे बघायचा. मग ती बशी उचलून आत जायची आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा.

आता खरी गोष्ट ही, की सासूबाईंनी आपल्याकडे यावं असं या घरात सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर ते तपासनिसाला. त्याचं लिफ्टपुराण मन लावून ऐकणारं जगात तेवढं एकच माणूस होतं. शिवाय त्याची स्वतःची आई लवकर गेलेली. ते तो कुणाला सांगत नसे. पण सासूबाई त्याला “जेवलात का?” असं विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या, याचं त्याला भारी अप्रूप होतं.

मग तो बोलत का नव्हता? कारण त्याचा बेत मोठा होता. घरातली मागची छोटी खोली त्याने ‘वाळवीचं औषध मारलंय, आत जाऊ नकोस’ असं बायकोला सांगून कुलूपबंद केली होती आणि तिथे सासूबाईंसाठी सगळी तयारी चालवली होती. सुतार बोलावला, पलंग करून घेतला, भिंतीला धरायच्या दांड्या बसवल्या. सगळं जमलं की एकदम दार उघडायचं! तोवर मेहुण्याला बोलू द्यायचं, गाफील ठेवायचं. आधीच बोललो आणि सासूबाई ‘नको’ म्हणाल्या, तर? त्यापेक्षा शेवटी बोलू. शेवटी बोलणारा जिंकतो, असा त्याचा आपला समज होता.

हे झालं घरचं. आता पत्त्यांकडे येऊ.

पोकर या घरात सासूबाईंनी आणला. हात प्लास्टरमध्ये असताना त्यांची रमी बंद पडली, कारण तेरा पानं एका हातात मावेनात. पोकरला हातात दोनच पानं लागतात, हा शोध त्यांना टॅब्लेटवर लागला आणि प्लास्टर निघेपर्यंत त्या सगळ्यांना शिकवून मोकळ्या झाल्या. प्रत्येकाला दोन पानं झाकून. मग मध्ये तीन पानं उघडी, ती सगळ्यांची मिळून. याला फ्लॉप म्हणायचं. मग चौथं, मग पाचवं. आपली दोन आणि मधली पाच यांतून ज्याची पाच सरस, तो जिंकला. पैशांना त्यांच्या घरात मज्जाव. शिवणाच्या डब्यातली बटणं लावायची.

त्या रविवारी पानं पिसता पिसता सासूबाई म्हणाल्या, “आज बटणं नुसती नकोत. आज ज्याच्याकडे शेवटी बटणं जास्त, तो सांगेल मी कुठे राहायचं ते. मी मुकाट्याने ऐकेन.”



“आई, काहीतरीच काय!” लेक म्हणाली.

“काहीतरीच तुमचं चाललंय. तीन आठवडे मला पार्सलासारखं इकडून तिकडे सरकवताय. पत्ते निदान तोंडावर तरी सांगतात काय ते.”

“आणि तू जिंकलीस तर?” मेहुण्याने हसत विचारलं.

“तर मी सांगेन,” सासूबाई म्हणाल्या आणि पानं वाटायला घेतली.

बायकोची बटणं पहिल्या तासातच संपली. तिचं लक्ष नव्हतं. ती पानांपेक्षा नवऱ्याकडे जास्त बघत होती, आणि ते बघणं प्रेमाचं नव्हतं. शेवटच्या डावाला पानं वाटायचं काम तिच्याकडे आलं. तिघांकडे बटणं जवळपास सारखी. तपासनिसाने आपली दोन पानं कोपऱ्याने उचलून पाहिली. इस्पिक दश्शी आणि किलवर दश्शी. जोडी! त्याने चेहरा लिफ्टच्या दारासारखा बंद केला.

बायकोने फ्लॉप उघडला. चौकट दश्शी. बदाम गुलाम. बदाम अठ्ठी.

तीन दश्श्या! या घडीला टेबलावर त्याच्यापुढे जायला कुणाकडे तरी सलग पाच पानांची ओळ लावणारी नेमकी नव्वी-सत्ती, राणी-नव्वी किंवा मग दोन गुलाम हवे होते, आणि तेवढं नशीब त्या घरात कुणाचंच नव्हतं. पण फ्लॉप मोठा वंगाळ होता. मध्ये दोन बदाम पडलेले. कुणाच्या हातात आणखी दोन बदाम असले, तर एक बदाम आला की पाच बदाम झाले, आणि पाच बदामांपुढे तीन दश्श्या म्हणजे पुरापुढे चटई. शिवाय गुलाम, दश्शी, अठ्ठी ही पानं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसलेली. मध्ये एखादं पान घुसलं की कुणाची तरी ओळ लागणार.

अशा वेळी काय करायचं हे तपासनिसाला ठाऊक होतं. इंटरनेटवरच्या एका टकल्या गुरुजींचे धडे तो गुपचूप बघत असे. गुरुजी म्हणायचे: हात भक्कम आहे आणि फ्लॉप घातकी आहे? मग लाजू नका. आत्ताच मोठा डाव लावा. ज्याला पुढच्या पानाची आशा आहे, त्याला त्या आशेची किंमत मोजायला लावा. फुकट पान दाखवू नका. तेव्हा तपासनिसाने मान डोलावली होती. ‘समाधानकारक’ असं पुटपुटलाही होता.

मेहुण्याने टेबलावर बोटांनी टकटक केलं. म्हणजे, मी काही लावत नाही, पुढे चला. सासूबाईंनीही टकटक केलं. आता पाळी तपासनिसाची.

तो विचार करू लागला. मोठा डाव लावला तर हे दोघे पानं टाकून पळतील. मग हातात काय येईल? डावाच्या सुरुवातीला मध्ये पडलेली चार बटणं, त्यातलं एक तुटकं. छे! एवढा राजेशाही हात असा फुकट घालवायचा? त्यापेक्षा गरिबासारखं बसावं. त्यांना वाटू दे, याच्याकडे काही नाही. जवळ येऊ दे. पुढच्या पानाला झडप घालू. (माणसाला मिळालेली अक्कल आणि वापरायची अक्कल या दोन वेगळ्या खोल्यांत राहतात, आणि मधल्या दाराला बहुधा कुलूप असतं.) तो गुरुजींना विसरला, आणि त्याने आपलं जुनंच व्रत पाळलं. आपण आत्ता काही बोलायचं नाही.

त्याने टकटक केलं.

“कुणीच काही बोलत नाही म्हणजे कमाल आहे,” बायको म्हणाली. हे ती नुसतं पत्त्यांबद्दल बोलली नव्हती, हे तपासनिसाच्या लक्षात आलं नाही. तिने चौथं पान उघडलं.

बदाम दुर्री.

तपासनिसाने आपल्या दोन्ही दश्श्या पुन्हा कोपऱ्याने उचलून पाहिल्या. पण त्याने स्वतःला समजावलं. बदाम काय, येतात जातात. मेहुण्याने तेवढ्यात मूठभर बटणं पुढे ढकलली, “चला, ज्याला हिंमत आहे त्याने या!” सासूबाईंनी तेवढीच बटणं मोजून शांतपणे पुढे ठेवली. आता मात्र तपासनिसाचा संयम सुटला. ज्या वेळी बोलायचं होतं तेव्हा गप्प बसलेला माणूस ज्या वेळी गप्प बसायचं असतं तेव्हा हमखास बोलतो. त्याने दोन्ही हातांनी आपली सगळी बटणं मध्ये लोटली. दोन टेबलाखाली गेली, ती वाकून काढली आणि तीही लोटली.

“सगळी?” मेहुण्याने विचारलं.

“सगळी.”

मेहुण्याने पानं टाकून दिली. सासूबाईंनी चष्मा वर केला, जावयाकडे पाहिलं, मग बटणांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “बघूया तर खरं.” त्यांचीही सगळी बटणं मध्ये आली.

पाचवं पान इस्पिक राणी. ती कुणाच्याच कामाची नव्हती.

तपासनिसाने तीन दश्श्या मांडल्या. सासूबाईंनी अगदी हळू, जणू एखाद्याला वाईट बातमीचा फोन जोडून द्यावा तशी आपली पानं उलटी केली. बदाम एक्का. बदाम चौकी. मधल्या तिन्हींसकट पाच बदाम.

सासूबाईंनी ओंजळीने बटणं डब्यात भरली आणि झाकण लावलं.

“मी जिंकले. मी माझ्याच घरी राहणार. इथेच, एकटी. संपला विषय.”

“आई!” लेक उठून उभी राहिली.

आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, तपासनीस ओरडला. “नाही! असं नाही चालणार! खोली तयार आहे!”

“कोणती खोली?” बायको गर्रकन वळली. “ती वाळवीची?”

“वाळवी नाहीये. कधीच नव्हती.”

“माहितीये मला नव्हती ते! सुतार मला जिन्यात भेटला. म्हणाला, साहेबांचा पलंग झाला, एका माणसापुरता. एका माणसापुरता! तीन आठवडे मी गिळून बसलेय. तुला वेगळं झोपायचंय तर तोंडाने सांग ना. आई येऊ नये म्हणून खोली अडवायची, वर मला वाळवी सांगायची—”

“अगं, तो आईंचा पलंग आहे!”

“काय?”

“आईंचा. एका माणसापुरता म्हणजे... आई एकच माणूस आहेत ना!”

बायकोचं तोंड उघडं राहिलं. तीन आठवड्यांचा राग एकदम टाकायचा कुठे हे तिला कळेना, तेव्हा तिने तो सवयीने नवऱ्यावरच टाकला. “मग हे सांगायला काय झालं होतं तुला?”

तपासनीस खुर्चीत बसला. समोर त्याच्या तीन दश्श्या अजून तशाच पडल्या होत्या.

सासूबाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या. आवाज एक्स्चेंजमधला, लांबच्या माणसाला जपून बोलावं तसा. “जावईबापू, दश्श्या फ्लॉपलाच झाल्या होत्या ना तीन?”

“हो.”

“तेव्हाच मूठभर बटणं लावली असतीत, तर मी पानं टाकली असती. माझ्याकडे होतं काय? एक आशा. ती तुम्ही फुकट दिलीत.”

“मला वाटलं, तुम्ही पळून जाल.”

“मग? गेले असते तर गेले असते. चार बटणं तरी हातात आली असती.” त्यांनी एक दश्शी बोटाने त्याच्याकडे सरकवली. “खोलीचंही असंच ना? मी नको म्हणेन म्हणून विचारलं नाहीत.”

तपासनिसाने मान हलवली. मग खाली बघत म्हणाला, “नकोची भीती वाटते हो आई. लिफ्ट पडायची नाही वाटत एवढी. दोराची खात्री करता येते. माणसाच्या उत्तराची कशी करायची?”

“नाही करता येत,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून तर विचारायचं असतं. मी तीन आठवडे या सोफ्यावर बसून ऐकतेय. हा ओरडतोय, ‘आमच्याकडे, आमच्याकडे’. ही तुमच्याकडे बघतेय. आणि तुम्ही छताकडे. मी काय समजायचं? मी समजले, जावयाला मी नकोय. वाईट नाही वाटलं म्हणणार नाही. वाटलं.”

हे ऐकून तपासनिसाला जे वाटलं ते कुठल्याही शेऱ्यात बसणारं नव्हतं. त्याच्या बेतात त्याने सगळं धरलं होतं. पलंगाची उंची, दांड्यांचा भक्कमपणा, मेहुण्याचा गाफीलपणा. फक्त मधल्या काळात त्या बाईंना काय वाटत असेल, हे धरलं नव्हतं. त्याने सासूबाईंचा बरा झालेला हात हातात घेतला आणि म्हणाला, “आई, आमच्याकडे याल का? मला... आम्हाला फार बरं वाटेल. मला जास्त.”

मग मेहुण्याने घसा खाकरला.

“आई, जा तू त्यांच्याकडे. माझ्याकडे कुठे राहशील? दुकानाच्या वर एक खोली, त्यात अर्ध्या गाद्या.”

“मग इतके दिवस छाती कशाला पिटत होतास?” बहिणीने विचारलं.

“कुणीच बोलत नव्हतं ना! मुलगा असून मी पण नाही बोललो, तर आईला काय वाटलं असतं? मला वाटलं, मी जोरात बोललो की भाऊजी तरी पेटून उठतील.” तो ओशाळून हसला. “मघाशी पण माझ्याकडे नुसते राजा-राणी होते. बाकी हवा.”

सासूबाईंनी बटणांचा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, “येईन. पण हरले म्हणून नाही हं. मी जिंकलेय, तेव्हा हे मी ठरवतेय. आणि या घराची किल्ली माझ्याकडेच राहील.”

त्याच संध्याकाळी सगळे ती खोली बघायला गेले. तपासनिसाने कुलूप काढलं, दिवा लावला आणि बाजूला उभा राहिला. खोली झकास होती, पण दांड्यांच्या बाबतीत त्याचा हात जरा सैल सुटला होता. पलंगाच्या दोन्ही बाजूंना दांडी, खिडकीला दांडी, कपाटाला दांडी, दारामागे दांडी, आणि एक भिंतीच्या मधोमध, जिथे माणसाला पडायचं असलं तरी जमणार नाही अशा जागी. आत शिरलं की बसमध्ये चढल्यासारखं वाटायचं.

“पुढचा स्टॉप कोणता?” मेहुण्याने एक दांडी धरून विचारलं.

सासूबाई मात्र एकेक दांडी धरत खोलीभर फिरल्या, पलंगावर बसल्या, हाताने चादर सारखी केली आणि म्हणाल्या, “समाधानकारक.” तपासनीस पटकन खिडकीकडे वळून बाहेर बघू लागला. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि भांडण सुरू करायच्या आत ती खोलीबाहेर गेली.

तेव्हापासून रविवारचे पत्ते तपासनिसाच्या घरी भरू लागले. आता तो बदलला होता. मनात आलं की बोलायचं आणि हातात आलं की लावायचं! दुसऱ्याच रविवारी त्याला दोन राजे आले, फ्लॉपला तिसरा राजा आला आणि सोबत दोन इस्पिक. घातकी फ्लॉप. त्याने क्षणाचाही विलंब न लावता बटणांचा ढीग पुढे लोटला.

तिघांनीही एका सुरात पानं टाकली. हातात आली चार बटणं.

पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. आणि हातात काही नसताना त्याने थाप मारून ढीग लोटला, की तिघेही हसत हसत त्याला गाठायचे आणि धुऊन काढायचे. शेवटी तो रडकुंडीला आला. “तुम्हाला कळतं तरी कसं?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तुझे कान,” बायको म्हणाली. “चांगली पानं आली की लाल होतात.”

“लाल म्हणजे, बीट!” मेहुणा म्हणाला.

“मग आई, त्या दश्श्यांच्या वेळी?”

“तेव्हाही झाले होते,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून तर मी तुमच्या बटणांची वाट बघत होते. तुम्ही टकटक केलंत, मग फुकटचं पान कोण सोडतं?”

तपासनिसाने ते मनाला लावून घेतलं. पुढच्या रविवारी तो पूर्ण तयारीनिशी बसला. खिशात कानटोपी होती, जाड लोकरीची, हनुवटीखाली बांधायचे बंद असलेली. पहिले काही डाव त्याने साधी पानं आली म्हणून निमूट सोडून दिले. मग त्याने पानं उचलली आणि कोपऱ्यातून दोन एक्के दिसले. कान तापायच्या आत त्याने चपळाईने कानटोपी काढली, डोक्यात घातली, खाली ओढली, बंद बांधले आणि दगडासारख्या निर्विकार चेहऱ्याने समोर पाहिलं.

तिघांची पानं टेबलावर पडलेली होती.

“अहो, मी अजून एक बटण लावलं नाहीये!”

“भाऊजी,” मेहुणा पानं गोळा करत म्हणाला, “लोक दुसऱ्याला टोपी घालतात हो!”